ज्याचा त्याचा मसाला

आमच्या माणसाला हॉटेलात बसवा आणि त्याच्यापुढे तांदळाची भाकरी ठेवा. तो ती लगेच खाणार नाही. आधी उचलून उजेडाकडे धरील, कडा चाचपून बघेल, उलटी करून पापुद्रा सुटलाय की नाही याची खात्री करील आणि मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणेल, "आमचे घरान ही अशी न्हाय होत." त्याच माणसाला रस्त्यापलीकडच्या काचेच्या पंजाबी हॉटेलात नेऊन बसवा. तिथं तो गार झालेली तंदुरी रोटी दोन्ही हातांनी ओढून तोडील, लाल रश्श्यातले पनीरचे चौकोन बोटानं बाजूला सारून नीट बघून घेईल, आणि जेवण कसं आहे म्हणून विचारलं तर मान डोलावील. कारण त्याच्या आईनं जन्मात कधी पनीर केलेलं नसतं. तुलना करायला काहीच हाताशी नसल्यामुळे तो सुखात जेवतो. माझ्या आईनं भिवंडीत धामणकर नाक्यावर चार वर्षं आगरी जेवणाची खानावळ चालवली, ती या असल्या माणसांच्या जिवावर. ती बुडाली तीही त्यांच्यामुळेच, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले.

वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. ते सुताला खळ लावायच्या एका सायझिंगच्या कारखान्यात कारकून होते. साधा ताप आला, तो उतरलाच नाही. तेराव्यानंतर मामा आम्हा दोघींना आपल्या गावी, अंजूरला घेऊन गेला. मामाचं घर मोठं, माणसं बारा, आणि मामीची कंबर नेमकी त्याच सुमाराला दुखायला लागली. आई पहाटे उठायची ती बारा जणांच्या भाकऱ्या थापायला बसायची. दुपारी सगळे जेवल्यावर खरवड खरवडून जेवायची आणि संध्याकाळी पुन्हा परातीपाशी. घरातलं कुणी तिला वाईट बोलत नव्हतं. उलट आल्यागेल्यापुढे मामी सांगायची, "ताई आल्यापासून मना चुलीकडं बघावाच लागत न्हाय." माझ्या शाळेचं काय, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता. अंजूरहून भिवंडीला रोज कोण सोडणार, आणि मुलीला एवढं शिकवून करायचं काय, असं मामाचं सरळ म्हणणं होतं. दोन महिन्यांनी आईनं गाठोडं बांधलं. "मना रांधाचाच हाय तर माजे चुलीवं रांधीन," एवढंच ती मामाला म्हणाली. मामा हसला. म्हणाला, "जा. चूल इझली का परत ये. तुजी जागा हितंच हाय." आईला त्या जागेचीच धास्ती होती. पुढची चार वर्षं खानावळीत काहीही बिनसलं की ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अंजूरला न्हाय जावाचा, बाय." मग आम्ही दोघी पुन्हा कामाला लागायचो.

गाळा आईनं मंगळसूत्र मोडून घेतला. एका बाजूला लूमच्या सुट्या भागांचं दुकान, दुसऱ्या बाजूला केशकर्तनालय, आणि मागच्या भिंतीपलीकडे कापडाच्या कारखान्यातले वीस-पंचवीस लूम. त्यांची खटखट सकाळच्या शिफ्टला सुरू व्हायची ती थांबायचीच नाही. वीज गेली की एकदम सामसूम व्हायची आणि जेवणारी माणसं दचकून आपण फार मोठ्यानं बोलत होतो की काय अशी एकमेकांकडे बघायची. सहा टेबलं, एक मोरी, आत दोन शेगड्या आणि भाकरीसाठी मोठा तवा. आईच्या हाताला खरोखर चव होती. ती माझी आई होती म्हणून सांगत नाही. खाडीच्या चिखलातले निवटे मासे आणून राखेत घोळून साफ करायची आणि त्यांचं आंबट-तिखट कालवण करायची. चिंबोऱ्यांचे पाय वाटून त्यांचा रस कालवणात घालायची. वालाचं बिरडं, शेवग्याच्या शेंगा घातलेली सुकट, कैरी घातलेला जवळा, आणि पावसाळा जवळ आला की सुक्या बोंबलांचं घट्ट कालवण. बाहेर पाटी लावली होती, 'घरगुती आगरी जेवण'. पाटी माझ्या अक्षरात होती आणि पहिली चूक तिथंच झाली. लोक थांबून पाटी वाचायचे, घरगुती हा शब्द आला की त्यांना घर आठवायचं, आणि ते रस्ता ओलांडून पनीर खायला जायचे.

त्या वेळी आमच्या गावांत जमिनीला गोदामवाल्यांचे भाव येऊ लागले होते. पांढरे कपडे घालून, गळ्यात बोटभर जाडीची साखळी अडकवून माणसं नोंदणीच्या कामाला शहरात यायची. काम झालं की जेवण ठरलेलं, आणि ते समोरच्या काचेत. आमच्या दारावरून जाताना "काय वैनी, बरा हाय ना?" असं आईला विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पलीकडे पोचायचे. तिथल्या मेनूतली नावं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून शेजारच्या टेबलावर बोट दाखवून "ती लाल" नाहीतर "ती पांढरी" अशी भाजी मागवायचे. निघताना बडीशेपेच्या वाटीतली बडीशेप रुमालात बांधून घ्यायचे. मी हे सगळं आमच्या मोरीपाशी भांडी घासत बघायचे. खाडीचं पाणी पिऊन वाढलेली ही माणसं, निवट्याला आपल्या दारात विचारत नाहीत आणि तिथं मात्र पिवळ्या रंगाच्या भाताला दाद देतात, याचा मला इतका संताप यायचा की हातातली ताटली मी जोरात आपटायचे. आई आतून विचारायची, "फुटली का?" मी नाही म्हणायचे.

आमच्याकडे येणारे नव्हतेच असं नाही. कचेरीतले एक भाऊसाहेब यायचे, भिवंडीतच चार पिढ्या काढलेले. त्यांना मासे आवडायचे पण माशाला वास असतो हे आवडायचं नाही. "ताई, सुकट करा, पण वास जरा कमी करा," असं ते अगदी आर्जवानं सांगायचे आणि भाकरीऐवजी चपाती मिळेल का म्हणून विचारायचे. मागच्या कारखान्यातले लूमवाले भैया यायचे. त्यांना आमचं काही कळत नव्हतं आणि त्यांचं काही म्हणणंही नव्हतं. भूक लागलेली असायची, ते जेवायचे, "माताजी, बहुत अच्छा" म्हणायचे आणि ड्युटीवर जायचे. आईला मात्र त्यांच्या कौतुकाचं समाधान नव्हतं. तिला आपल्या माणसानं हो म्हणायला हवं होतं. हा तिचा वेडेपणा होता असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आपल्या माणसाची अडचण आणखी एक होती आणि ती कळायला आम्हाला वर्ष लागलं. दिघाशीचा जनूदादा म्हणून वडिलांच्या ओळखीचा एक रिक्षावाला होता. तो यायचा तो इकडेतिकडे बघत, बसायचा तो रस्त्याकडे पाठ करून, आणि जेवून उठला की तोंड पुसत अशी घाई करायचा, जणू काही चोरी केली होती. एकदा आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वैनी, लोका बोलतील ना, जनूचे घरान भांडान झाला, बायको रांधून देत न्हाय." तेव्हा आम्हाला उलगडा झाला. पनीर खायला गेलेला माणूस शौकीन ठरत होता आणि बाहेर बसून भाकरी-कालवण खाणाऱ्याचं घर मोडलेलं ठरत होतं. घरच्यासारखं जेवण जितकं घरच्यासारखं, तितकी बायकोची नाचक्की मोठी. असल्या गावात असली खानावळ काढायची म्हणजे डोकं फिरलेलं हवं. पण आईला दुसरं काही येत नव्हतं.

आणि इतकी चोरी करून आलेला हा जनूदादा नावं ठेवायचा ते ठेवायचाच. "कालवन बरा हाय वैनी, पन मसाला आमचा न्हाय." आमच्याकडे दर उन्हाळ्यात प्रत्येक घर आपला वर्षाचा मसाला करतं. मिरच्या, धणे, हळकुंडं, दगडफूल, नागकेसर आणि आणखी वीसेक जिन्नस गच्चीवर नाहीतर अंगणात वाळवायचे, भाजायचे आणि डंखावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायचे. डंखावर बायका आपापल्या टोपलीवर पदर झाकून बसतात, आपलं प्रमाण शेजारणीला दिसू नये म्हणून. सख्खी जाऊ जावेला सांगत नाही. त्यामुळे दर घराचा मसाला वेगळा, आणि दुसऱ्या घरचा मसाला चुकलेला, हे आमच्यात लहान पोरालाही पाठ असतं. जनूदादानं तिसऱ्यांदा तेच म्हटलं तेव्हा आईचा पारा चढला. "मंग आन तुजे घरचा मसाला," ती म्हणाली, "त्याच्यान करून घालते."

तिला वाटलं, त्याचं तोंड बंद होईल. दुसऱ्या दिवशी तो खरोखर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मसाला घेऊन हजर झाला. आईनं त्याच्यापुरतं कालवण वेगळ्या कढईत त्या मसाल्यात केलं. जनूदादा जेवला आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून जेवला. आता कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तर होतं: घरचाच मसाला खातोय. त्याच्या बायकोनंही दिघाशीत सांगितलं असावं, कारण आठवड्याभरात तिथूनच आणखी दोन डबे आले, मग अंजूरहून आले, मग इतर गावांतून. मी प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून गाव आणि घराचं नाव लिहायचे. सहा महिन्यांत मागच्या भिंतीवरच्या फळीवर बावीस डबे झाले. बायकांमध्ये चढाओढ लागली. फलाणीचा डबा फळीवर आहे आणि आपला नाही, हे कुणालाच खपेना. नवऱ्याला बळंच आमच्याकडे धाडायच्या, डबा हातात देऊन. अखेर मामीनंही आपला डबा पाठवला. मामा स्वतः फिरकला नव्हता, पण मामीचा डबा सगळ्यांत मोठा आणि स्टीलचा होता.

आईचे हाल व्हायचे. दहा माणसं आली की दहा लहान कढया, दहा फोडण्या. पण ती चार वर्षांतली सगळ्यांत खुशीतली आई होती. टेबलं भरायला लागली, मी अकरावीला गेले, आणि मामाचा "कवा येतेस?" हा निरोप यायचा बंद झाला. आज मुंबई-नाशिक रस्त्यावर अस्सल आगरी थाळीच्या पाट्या बघते, दारात सिमेंटची होडी, भिंतीवर कोळ्याचं जाळं, आणि आत डोंबिवली-पुण्याची माणसं फोटो काढत बसलेली. आता आमचेही लोक तिथं जातात. शहरातल्या माणसानं वा म्हटल्याशिवाय आपल्या घासाला चव आहे हे आमच्या लोकांना कळत नाही. आयांच्या हातचं वाटण खाऊन ज्यांची हाडं वाढली, ते आता खोबऱ्याचं वाटण अस्सल आहे का म्हणून वेटरला विचारतात. माझी शुगर वाढलेली आहे, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय, नाहीतर एकदा जाऊन त्यांची तोंडं बघून आले असते.

मी बारावीत होते त्या श्रावणात नेहमीप्रमाणे मासे-मटण बंद झालं. खानावळ महिनाभर नावापुरती उघडी होती आणि डब्यांना कुणी हात लावला नाही. पाऊस धो धो होता. गणपती गेल्यावर आईनं फळीवरचा पहिला डबा उघडला आणि तसाच झाकला. मागच्या भिंतीला ओल आली होती. काही डब्यांत मसाल्याचे गोळे झाले होते, काहींत पांढरी बुरशी, आणि बऱ्याच डब्यांत बारीक तांबडे किडे चालत होते. बावीसपैकी एकही धड नव्हता. आता पंचाईत अशी की नवा मसाला मागायचा तर जुन्याचं काय झालं ते सांगावं लागणार. आमच्या बाईला तू काळी आहेस म्हटलेलं चालेल, पण तुझ्या मसाल्यात किडे पडले असं सांगितलं तर ती सात पिढ्या तुमच्या घरचं पाणी प्यायची नाही. शिवाय मसाला वर्षाचा मोजून केलेला. भाद्रपदात कोण दुसरा देणार? आईनं मोरीपाशी बसून बराच वेळ विचार केला. तिचा स्वतःचा मसाला दोन मोठ्या बरण्यांत हिंगाचे खडे घालून, माळ्यावर कोरडा होता. सगळे आपला मसाला आणत असल्यामुळे तो फारसा लागलाच नव्हता. तिनं मला दाराला आतून कडी घालायला सांगितली. आम्ही दोघींनी बावीस डबे धुतले, पुसले, शेगडीजवळ सुकवले आणि त्या सगळ्यांत आईचा मसाला भरला. फक्त वरचे कागद मी जपून काढून परत चिकटवले.

दुसऱ्या दिवसापासून माझी करमणूक सुरू झाली. कालवण आता एकाच मोठ्या पातेल्यात व्हायचं. आई ते आतल्या आत लहान कढयांत काढायची आणि मी ज्याची त्याची कढई ज्याच्या त्याच्यापुढे नेऊन ठेवायचे. मला खात्री होती की पहिल्या घासाला बोभाटा होणार. जनूदादानं भाकरी बुडवली, घास घेतला आणि डोळे मिटले. "वैनी," तो म्हणाला, "आज आयशीची याद आली बग. या वर्साला बायकोनं मसाला काय केलाय!" शेजारी बसलेल्या अंजूरच्या माणसानं त्याच्या कढईत भाकरीचा तुकडा बुडवून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "तुमचेत जरा धने जास्त हायत." मग जनूदादानं त्याची कढई चाखली. "आनि तुमचा जलका लागते," तो म्हणाला. पातेलं एक, पळी एक, आणि मला मोरीपाशी जाऊन तोंडात ओढणी कोंबावी लागली.

हे असं होळीपर्यंत चाललं. एकालाही शंका आली नाही. उलट आपलाच मसाला दुसऱ्याच्या कालवणात तर जात नाही ना, म्हणून दोघं-तिघं अधूनमधून आत डोकावून डबे बघून जायचे. पिढ्यान्‌पिढ्या पदराआड झाकलेलं ते प्रमाण, त्या चढाओढी, ती भांडणं, आणि जिभेला शून्य कळतं. सतराव्या वर्षी माणसाला आपण सगळ्यांपेक्षा शहाणे आहोत असं वाटतच असतं. मला तर त्याचा रोज दोन वेळा पुरावा मिळत होता. रोज भांडी घासताना मी आईला सगळ्यांच्या नकला करून दाखवायचे. ती हसायची नाही. "जेवू दे त्यांना," म्हणायची. "मानूस सुखान जेवते, तुजा काय जाते?"

मामा आला तो होळीनंतर, एका दुपारी. आमची सहाच्या सहा टेबलं भरलेली होती. मामाबरोबर गावातले तिघं होते. जमिनीचा व्यवहार करून आले होते आणि समोरच्या हॉटेलात त्या दिवशी कुणा पुढाऱ्यानं सगळी जागा अडवली होती. मामाला जागा करून द्यायला जनूदादा सरकून बसला. मामानं फळीवरचा स्टीलचा डबा बोटानं दाखवला आणि मोठ्यानं म्हणाला, "त्यो आमचा. त्याच्यातला घाल." आईनं चिंबोऱ्यांचं कालवण चार कढयांत काढून दिलं. मामा जेवायला लागला आणि त्याचा चेहरा खुलत गेला. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी मागितली. मग बोटं चाटत तो सोबतच्यांना म्हणाला, "बगलात? हाय का दुसरे घरान असा मसाला?" तिघांनी माना हलवल्या. आई भाकरी वाढायला उभी होती. मामानं तिच्याकडे बघितलं.

"तुजी खानावल कशावर चालते, समजला ना?" तो म्हणाला. "लोकांचे बायकांचे हातावर. मसाला त्यांचा. तू निस्ती हलवनारी. उद्या सगल्यांनी डबे नेले तर तुजे हातान काय हाय?"

कुणीतरी हसलं. जनूदादाही हसला; मनात काही नसताना, नुसतं मोठ्या माणसाच्या सोबतीनं. आई म्हणाली, "व्हय दादा. काय न्हाय." आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

तेवढं ऐकलं आणि मी मोरीतून उठले. ओल्या हातानं फळीवरचे डबे काढून मी मामाच्या टेबलावर एकेक आपटायला लागले. आई "बाय, काय करतंस?" म्हणत पुढे आली, पण तोवर मी पाच-सहा झाकणं उघडली होती. "बघा," मी म्हणाले, "वास घ्या. सगळ्यांत एकच मसाला आहे. आईचा. गणपतीपासून तुम्ही सगळे तिचाच मसाला खाताय आणि आपापल्या बायकांचं कौतुक करताय. एकालाही कळलं नाही!" मला वाटलं होतं की आता मामाची मान खाली जाईल, कुणीतरी म्हणेल वा वैनी, आणि निदान जनूदादा तरी खो खो हसेल. खरंच, मला तसंच वाटलं होतं. जनूदादानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मंग आमचा मसाला कुटं गेला?" त्यानं विचारलं.

"किडे पडले त्यात," मी म्हणाले. "सगळ्यांच्याच."

त्यावर कुणी आवाज चढवला नाही, भांडलं नाही. एकेक जण उठला, मोरीवर गेला, हात धुतले. मग फळीपाशी गेला, आपल्या नावाचा डबा शोधून काखोटीला मारला आणि बाहेर पडला. पाच-सहा डबे मामाच्या टेबलावर होते, तेही त्यांनी येऊन नेले. जनूदादानं दारात थांबून आईकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमी सांगाला पायजे व्हता, वैनी." मामानं तिसरी भाकरी संपवली, स्टीलचा डबा उचलला आणि गेला. तास-दीड तासात नाक्यावरचे बाकीचेही येऊन आपले डबे घेऊन गेले आणि फळी रिकामी झाली. आत पातेल्यात पंधरा माणसांचं कालवण तसंच होतं. संध्याकाळी आईनं ते भैयांना वाढलं.

आणि आता यातली मजा बघा. घरी नेलेल्या त्या डब्यांत आईचाच मसाला होता. बाहेर काय झालं ते नवऱ्यांनी घरी सांगितलंच नाही. कोण सांगणार होतं? बायकांनी तोच मसाला घालून रांधलं आणि, जनूदादाच्या बायकोनं पुढे कितीतरी वर्षांनी मला स्वतः सांगितलं, तिचा नवरा त्या दिवशी जेवताना म्हणाला, "घरची चव ती घरची. खानावलीन ती न्हाय येत." हा किस्सा मी आयुष्यभर सांगत आले. मी शिकवायचे त्या शाळेतल्या बायकांना सांगितला, सुनेला सांगितला, आणि प्रत्येक वेळी सगळ्या पोट धरून हसल्या. आमच्या लोकांना आमचंच जेवण का विकता येत नाही याचं यापेक्षा चांगलं उत्तर कुणी देऊन दाखवावं.

त्यापुढचं मी सहसा सांगत नाही. आपली माणसं पुन्हा आली नाहीत. भैयांच्या जेवणावर आईनं चार-पाच महिने रेटलं, पण कारखाना मंदीत गेला, एक शिफ्ट बंद झाली आणि तेही पांगले. माझी बारावी झाली होती, डीएडला नाव लागलं होतं आणि वसतिगृहात राहावं लागणार होतं. आई एकटी अंजूरला गेली आणि मामाशी बोलून आली. मामानं माझ्या शिक्षणाचं सगळं बघायचं आणि आईनं त्याच्या घरचं रांधायचं, असं ठरलं. मामानं शब्द पाळला, हे मला कबूल केलं पाहिजे. आईनंही पाळला, शेवटपर्यंत.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून अंजूरला गेले. मामाच्या स्वयंपाकघरात दुपारी आई परातीपाशी बसली होती. तोवर मामानं जमीन विकून वरचा मजला चढवला होता आणि जेवणारी माणसं बाराची सोळा झाली होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले. तिला हसवावं म्हणून मी म्हणाले, "आई, त्या दिवशी जनूदादाचं तोंड बघितलं होतंस का? डबा काखेत मारून निघाला तेव्हा?" आणि मी त्याची नक्कल केली. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"तू खोटा न्हाय बोललीस," ती म्हणाली. "पन मसाला माजा व्हता ना, बाय? त्यो माजा हाय, ता सांगाचा का न्हाय, ता मी ठरवाचा व्हता. तुना मना इचारलाच न्हाय."

"मामा सगळ्यांसमोर तुला तसं बोलला," मी म्हणाले, "मला सहन नाही झालं."

"मना व्हत व्हता," आई म्हणाली. "लोका जेवत व्हती. तू शिकत व्हतीस. चूल माजी व्हती. दादा बोलला तर बोलला."

तिनं भाकरी उलटली, फुगल्यावर काढून माझ्या ताटात ठेवली आणि वर कालवण वाढलं. मी पहिला घास घेतला तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मामीनं हाक मारली, "ताई, अजून दोन भाकऱ्या आना." आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.